लांडग्याच्या माळावर मेंढरं राखताना: मेंढपाळ, शेळीपालक आणि वनरक्षकांसाठी

सासवड-जेजुरी मागे पडली की पाऊस आटत जातो आणि माळ सुरू होतो. बारामती, इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा, मोहोळ, उत्तर सोलापूर. हा सगळा पट्टा लांडग्याचा आहे आणि तितकाच धनगराचाही. नकाशावर इथे अभयारण्यं दिसतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर साडेपाच चौरस किलोमीटरसुद्धा नाही. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं; पुढे ते सुमारे 1,222 वर आलं, आणि त्यातही गवताळ तुकड्यांच्या मधे गावं, ज्वारी, तूर आणि ऊस आहेच. लांडग्याच्या एका टोळीला फिरायला शे-दीडशे चौरस किलोमीटर लागतात, काही वेळा त्याहून जास्त. त्यामुळे अभयारण्याच्या हद्दीला कुंपण घालून हा प्रश्न सुटत नाही. तो सुटला तर वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, गोठ्यात आणि चराईच्या वाटेवर सुटेल. म्हणून हे लिखाण तिथूनच सुरू करतो.

आधी तो खातो काय, हे नीट समजून घ्या

गुजरातमधल्या वेळावदरला सुमारे 34 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे काळवीट भरपूर, म्हणून लांडग्याच्या पोटात मुख्यतः काळवीट जातं. नान्नजकडे काळवीट आहे, ससा आहे, उंदीर-घुशी आहेत, पण माणसाची शेळी-मेंढी त्याहून कितीतरी जास्त आणि पकडायला सोपी. त्यामुळे सोलापूरच्या माळावर त्याच्या खाण्यात पाळीव जनावरांचा वाटा मोठा आहे, हे इथे झालेल्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. प्राणी तोच, स्वभाव तोच. बदलतं ते ताट.

नुकसान टाळायचं असेल तर या माहितीतल्या तीन गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली, शेळी मेंढीपेक्षा जास्त सापडते. मेंढ्या मान खाली घालून एकमेकींना चिकटून चरतात. शेळी बोरी-बाभळीच्या शेंड्याला तोंड लावत कळपापासून सुटी होते, ओढ्यात उतरते, मागे राहते. लांडगा कळपावर चाल करून येत नाही, तो सुटलेल्याची वाट बघतो.

दुसरी, वेळ. इथला लांडगा वीस-पंचवीस किलोचा, हलका, लाजरा प्राणी आहे. पहाटे आणि दिवस मावळताना तो सर्वात जास्त हालचाल करतो. कळप वाड्यातून निघताना आणि वाड्याकडे परतताना जी धांदल असते, तीच त्याला हवी असते.

तिसरी, महिने. पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीत होतात. एका वेळी तीन ते पाच पिल्लं, आणि त्यांना मांस आणून घालण्यासाठी सगळी टोळी राबते. नेमकी त्याच दिवसांत रब्बीची ज्वारी डोक्याएवढी झालेली असते, म्हणजे लपायला आडोसा. ज्यांचे वाडे दिवाळीनंतर माळ सोडून कोकणात किंवा नदीकाठाला उतरतात, ते या काळात निम्मे सुटतात. माळावर मागे राहिलेल्या घरच्या शेळ्यांवर मात्र ताण वाढतो. माझ्या मते आज खरं लक्ष या बंदिस्त आणि अर्धबंदिस्त शेळीपालकांकडे द्यायला हवं. मेंढपाळाला लांडगा पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कर्ज काढून वीस शेळ्या घेतलेल्या तरुणाला तो माहीत नाही, आणि तोच सगळ्यात आधी घाबरून विषाकडे वळतो.

मारलं कोणी, हे ठरवल्याशिवाय उपाय करू नका

माळावर जनावर मेलं की नाव लांडग्याचं येतं. त्यातली कितीतरी कामं मोकाट कुत्र्यांची असतात, आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याची. प्रत्येकावरचा उपाय वेगळा, म्हणून थोडा वेळ खर्चून बघा.

मेलेल्या जनावराच्या गळ्यावरची कातडी थोडी सोलून आतून बघा. हे पशुवैद्यकाकडून करून घेतलेलं बरं, आणि पंचनामा व्हायचा असेल तर तोवर हात लावू नका. आतलं मांस रक्ताळलेलं, काळं-निळं असेल तर चावा जिवंतपणी बसला. रक्त साकळलेलंच नसेल तर जनावर आधी आजाराने किंवा साप चावून मेलं आणि नंतर कोणीतरी खाल्लं. हा एकच तपास अनेक भांडणं मिटवतो.

लांडगा शेळी-मेंढीला बहुधा गळ्याला किंवा मानेला धरतो, आधी पोट फोडून आतलं खातो, मग बरगड्या आणि मांडी. कोकरू किंवा करडू असेल तर उचलूनच नेतो, मागे लोकरीचे पुंजके आणि रक्ताचे थेंब तेवढे उरतात. कुत्र्यांचं काम अस्ताव्यस्त असतं. मागचे पाय, शेपटी, कान, कास अशा वाटेल त्या जागी चावे, पाच-दहा जनावरं जखमी आणि खाल्लेलं फारच थोडं. बिबट्या गळा दाबतो, शिकार ओढत उसात किंवा झुडपात नेऊन लपवतो, आणि त्याच्या पंज्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. तरस मेलेलं जास्त खातो आणि हाडंसुद्धा फोडतो. त्याच्या पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. लांडग्याचा आणि मोठ्या कुत्र्याचा ठसा एकेकटा बघितला तर ओळखणं अवघड. त्यासाठी माग काढत पुढे जा. लांडगा सरळ रेषेत, एकाच चालीने लांबवर गेलेला दिसतो. कुत्रं हुंगत, वळत, मागे फिरत जातं.

आठ दिवस वही ठेवा

कुंपणावर पैसे घालण्याआधी एक साधी वही करा. कोणतं जनावर गेलं, शेळी की मेंढी, वय काय, किती वाजता, कळपाच्या पुढे होतं की मागे, जवळ ओढा होता का उभं पीक, राखायला किती माणसं होती, कुत्री कुठे होती. शेजारच्या दोन-तीन वाड्यांना विचारून गेल्या वर्षाच्या आठवणीही त्यात लिहा. फक्त आठवणीवर विसंबू नका, कारण माणसाला लांडग्याने नेलेली शेळी वर्षानुवर्षं आठवते आणि आंत्रविषार किंवा पीपीआर अशा रोगांनी मेलेल्या दहा आठवत नाहीत. वहीत रोगाने मेलेलीही लिहा. पावसाळ्याआधीची लस चुकल्यामुळे झालेलं नुकसान लांडग्यापेक्षा मोठं निघालं, तर आधी खर्च कशावर करायचा हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

दिवसाची राखण

कळपाच्या पुढे एक आणि मागे एक, अशी दोन माणसं हवीत. घरात माणूस कमी असेल तर दोन-तीन घरांच्या शेळ्या एकत्र काढा आणि पाळी लावा. एकटं लहान पोर आणि तीस शेळ्या ही मांडणी लांडग्याच्या पट्ट्यात टाळाच.

सकाळी दिवस नीट वर आल्यावर कळप काढा आणि सूर्य मावळायच्या आत वाड्यावर आणा. ओढ्याचे काठ, उंच ज्वारी-तुरीच्या कडा आणि वेड्या बाभळीची दाटी भर दुपारी चारा; पहाटे-संध्याकाळी कळप उघड्या माळावर ठेवा, जिथून लांबवरचं दिसतं. आजारी, लंगडी, व्यायला झालेली जनावरं चराईला नेऊ नका. माळावर एखादी व्यालीच तर तिथेच एक माणूस थांबला पाहिजे, कारण व्याल्यावर पडणाऱ्या वारेच्या वासाने कुत्री, कोल्हे, लांडगे सगळेच येतात.

लांडगा दिसला तर आरडाओरडा करत, काठी आपटत कळपाच्या आणि त्याच्या मधे या. सहसा तेवढ्याने तो निघून जातो. आपल्या लोकांची हिंमत अशी की ते धावत जाऊन त्याच्या तोंडातली शेळी सोडवतात. जिवंत असेल तर जरूर सोडवावी. पण जनावर मेलं असेल तर ते ओढून आणून मिळत काहीच नाही. भरपाईसाठी ते जागेवरच लागतं, आणि उपाशी राहिलेली टोळी लवकर दुसऱ्या शिकारीला निघते.

रात्रीचा बंदोबस्त

फिरत्या वाड्याचं मुख्य साधन वाघर. ही जाळी तुटकी नसेल, खांब घट्ट असतील आणि खालची कड जमिनीला टेकून खुंट्यांनी आवळलेली असेल, तर ती चांगलं काम करते. बहुतेक घटना वाघर सैल पडून मेंढ्या रात्री बिचकून बाहेर पडल्या की होतात, म्हणून झोपण्याआधी एक फेरी मारून खालची कड हाताने ओढून बघा. बाहेरून बोराटी, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, टाकल्या तर अधिक चांगलं. कोकरं-करडं मधोमध, वेगळ्या जाळीत किंवा डालग्याखाली ठेवा. शेतात खतासाठी मेंढ्या बसवता तेव्हा जागा मालक ठरवतो हे खरं, पण त्यातल्या त्यात ओढ्यापासून आणि उभ्या पिकापासून दूरचा तुकडा मागून घ्या.

कायमच्या गोठ्याला निदान सहा फुटी तारेची जाळी हवी आणि तिचा खालचा फूटभर भाग जमिनीत पुरलेला हवा, कारण लांडगा आणि कुत्रं दोघेही उकरतात. दार ही सगळ्यात कच्ची जागा. दाराखाली वीतभर फट असेल तर बाकीच्या जाळीचा खर्च वाया गेला म्हणून समजा. तिथे दगडी किंवा सिमेंटचा उंबरा घाला. तुमच्या भागात ऊस आणि बिबट्या असेल तर वरूनही जाळी टाकावी लागेल, नुसत्या भिंतीने भागणार नाही.

दिवे, फटाके, आवाज यांचा उपयोग थोडे दिवसच होतो. एकच दिवा रोज एकाच जागी लावला की लांडग्याला त्याची सवय होते. जागा बदलत राहा. युरोप-अमेरिकेत दोरीला लाल कापडाच्या पट्ट्या बांधून ती कळपाभोवती लावतात, आणि लांडगा काही आठवडे ती ओलांडायला कचरतो. आपल्याकडे रानडुकरांसाठी शेताला जुन्या साड्या बांधतातच. व्यायच्या हंगामात गोठ्याभोवती फडफडणाऱ्या पट्ट्यांची दोरी बांधून बघायला हरकत नाही. दोरी जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि पट्ट्या जवळजवळ ठेवा. हंगाम संपला की काढून टाका, कारण वर्षभर ठेवली तर तिची भीती राहत नाही.

कुत्र्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. कळपातच लहानाचं मोठं झालेलं, मेंढरांना आपलं मानणारं कुत्रं हे सर्वात स्वस्त आणि सर्वात टिकाऊ संरक्षण आहे. दोन किंवा तीन असावीत. एकटं कुत्रं टोळीपुढे टिकत नाही. गळ्याला खिळ्यांचा पट्टा बांधा, बिबट्याच्या भागात तर नक्कीच. पण याच कुत्र्यांमुळे माळावरचा लांडगा वेगळ्या संकटात आहे. रेबीज आणि डिस्टेंपर हे विषाणूजन्य रोग कुत्र्यांकडून लांडग्यांना होतात, आणि पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्रा संकराचा जनुकीय पुरावाही मिळाला आहे. हा लांडगा जगातल्या सर्वात जुन्या वंशशाखांपैकी एक आहे आणि भारतात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपासच धरली जाते. तेव्हा वाड्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला दरवर्षी रेबीजची आणि डिस्टेंपरची लस द्या आणि राखणीच्या कुत्र्यांची नसबंदी करून घ्या. त्याने तुमची मेंढरं आणि तुमची मुलंही सुरक्षित होतात, कारण पिसाळलेला लांडगा सगळे नेम मोडून माणसावर येतो. कोणाला चावलाच तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, हळद-चुना लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस व जखमेत द्यायचं सिरम घ्या. चावलेल्या जनावरासाठीही डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

मेलेली जनावरं उघड्यावर टाकू नका

गावाबाहेर टाकलेलं मेलेलं वासरू, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, खाटिकखान्याचा कचरा यांवर आधी कुत्र्यांच्या झुंडी पोसल्या जातात आणि मग लांडगाही वस्तीला सरावतो. पोल्ट्रीवाल्यांनी खोल खड्डा करून चुना टाकून पुरणं हाच मार्ग. ग्रामपंचायतीने यासाठी एक जागा ठरवली तर गावाचं बरंच काम होतं.

अभयारण्यात चारताना

राष्ट्रीय उद्यानात चराईला बंदी आहे. अभयारण्यात ती मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नियमांनुसार, परवानगी असेल तिथेच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 33-अ कलमानुसार अभयारण्यातल्या आणि त्यापासून पाच किलोमीटरच्या आतल्या पाळीव जनावरांना संसर्गजन्य रोगांची लस देण्याची व्यवस्था वनखात्याने करायची असते, आणि लस न दिलेलं जनावर आत चारायला नेता येत नाही. हे कलम मेंढपाळांना फारसं कोणी सांगत नाही. ग्रामसभेत त्याचा दाखला देऊन लसीकरणाचं शिबिर मागून घ्या. विनापरवाना चारताना आत जनावर मेलं तर भरपाई मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

जनावर गेलंच तर

मृत जनावर हलवू नका. ताडपत्रीने झाका, बाजूला काठ्या रोवा, कुत्री जवळ येऊ देऊ नका. जखमा, ठसे, आजूबाजूची जागा यांचे फोटो काढा, जमल्यास ठिकाणाची नोंद येणाऱ्या अ‍ॅपमधून. 48 तासांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा परिक्षेत्र कार्यालयाला कळवा. कोणी सापडत नसेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि कॉलची वेळ लिहून ठेवा. फिरत्या वाड्याने घटना जिथे घडली तिथल्याच परिक्षेत्रात अर्ज द्यायचा, गावी परतल्यावर नाही. पंचनाम्याला वन कर्मचाऱ्याबरोबर पशुधन विकास अधिकारी लागतात. त्यांच्या दाखल्यात मृत्यूचं कारण आणि बाजारभाव स्पष्ट लिहिला आहे ना, हे तिथेच वाचून घ्या. आधार, बँकेचं पासबुक आणि कानातल्या टॅगचा बारा आकडी क्रमांक जवळ ठेवा. टॅग नसलेल्या जनावराची भरपाई अडते, म्हणून ते काम आजच करून टाका.

ऑगस्ट 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे शेळी किंवा मेंढी मेली तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. गाय, म्हैस, बैलासाठी हीच मर्यादा 70,000 रुपये. दर अधूनमधून सुधारतात, कार्यालयात विचारून घ्या. ज्या कोकरांचा मागमूसही उरत नाही त्यांचा पंचनामा होणं कठीण, आणि ही या योजनेतली खरी उणीव आहे. मेंढपाळाचं सर्वाधिक नुकसान तिथेच होतं. वनरक्षकांनी लोकरीचे पुंजके, रक्त आणि माग यांची नोंद पुरावा म्हणून घेतली, तर काही प्रकरणं तरी पुढे सरकतील.

विषाचा विचार मनातून काढून टाका. मेलेल्या शेळीत कीटकनाशक भरलं की आधी मरतात तुमचीच कुत्री, मग गिधाडं आणि गरुड. लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; त्याला मारल्यास तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. शिवाय घटनेच्या आसपास विषाने वन्यप्राणी मेला तर भरपाईही हातची जाते. आणि टोळीतली जाणती नर-मादी मेली की उरलेली अननुभवी पिल्लं सर्वात सोप्या शिकारीवर, म्हणजे बांधलेल्या जनावरांवर वळण्याचा धोका वाढतो.

वनरक्षक आणि अभ्यासकांसाठी: विष्ठेवरून ताट कसं वाचायचं

अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची लेखी परवानगी घेऊनच हे काम करा. पायवाटा आणि गाडीवाटांवर लांडग्याची विष्ठा मिळते, तिच्यात केस आणि हाडांचे तुकडे असतात. हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा. तिच्यातल्या फीतकृमीची अंडी माणसाला घातक असतात. कागदी पाकिटात भरून तारीख, जागा लिहा, उन्हात वाळवा. पुढे बारीक चाळणीत धुऊन केस वेगळे करायचे, प्रत्येक नमुन्यातले वीसेक केस सूक्ष्मदर्शकाखाली शेळी, मेंढी, काळवीट, ससा यांच्या ओळखीच्या केसांशी ताडून बघायचे. लहान प्राण्याच्या वजनाच्या मानाने त्याचे केस जास्त असतात, त्यामुळे नुसती मोजदाद केली तर ससा-उंदरांचा वाटा फुगतो. खाल्लेल्या मांसाच्या वजनात तो बदलून घ्यावाच लागतो. आणि विष्ठेत शेळीचा केस सापडला म्हणजे लांडग्याने शेळी मारलीच, असं लिहू नका. ती उकिरड्यावर टाकलेलीही असू शकते. वाड्यांच्या वह्या आणि विष्ठेचे नमुने एकाच परिसरातले, एकाच महिन्यांतले असतील तर मारलेलं किती आणि मेलेलं खाल्लेलं किती, याचा अंदाज बांधता येतो.

शेतात बीळ सापडलं तर

ओढ्याच्या कडेला, बांधाखाली, जुन्या खोकडाच्या किंवा साळिंदराच्या बिळात लांडगी विते. बीळ दिसलं की लांबूनच मागे फिरा. धूर करू नका, दगडांनी बुजवू नका, पिल्लं उचलून घरी आणू नका. गर्दी झाली आणि फोटो काढणारे येऊ लागले तर ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते, आणि त्या हलवाहलवीत काही मरतात. म्हणून जागा गावात बोलू नका, मोबाइलवर टाकू नका, फक्त वनरक्षकाला सांगा. त्या बाजूची चराई दोन-अडीच महिने बंद ठेवा, कुत्री बांधून ठेवा आणि त्या कडेची नांगरट शेवटी घ्या. पिल्लं मोठी झाली की टोळी बीळ सोडते. बिळापुढे ताजे ठसे आणि हाडं दिसेनाशी झाली, की तो बांध तुम्हाला पुन्हा वापरता येईल.